कार्ड बघायला आलात ना

—हो, तेच ते. काचेतून बघा, सगळ्यात खालचं मशीन, त्याच्या पाठीमागे बारीक हिरवा दिवा दिसतोय — तेच कार्ड. एवढंसंच आहे, हो. सगळे हेच म्हणतात. एवढ्या लांबून येतात आणि मग म्हणतात, एवढंसंच? त्यांना वाटतं कपाटाएवढं काहीतरी असेल. या, इकडे बसा — त्या खुर्चीत नको, ती मागे कलंडते, एकदा आमचे मोठे डॉक्टरच कलंडले तिच्यावरून, हसायचं नव्हतं पण काय करणार, हसलो. ही घ्या. आणि हा स्वेटर घाला, संकोच करू नका, पाहुण्यांसाठीच ठेवलाय, धुतलेला आहे. इथं मशिनांना थंड लागतं आणि माणसांना हुडहुडी भरते, आणि ऐकावं मशिनांचंच लागतं. आवाज पंख्यांचा आहे. थोड्या वेळानं ऐकू यायचा बंद होतो. चहा सांगितलाय, येईल.

तर — कुठून सांगू? मी नेहमी पहिल्यापासून सांगतो, बरं पडतं. तुमच्याही हॉस्पिटलात असंच असणार म्हणा. लॅबमध्ये रक्त तपासलं, एक्स-रे निघाला, की त्याचा रिपोर्ट ह्या मशिनाकडे येतो, आणि हे मशीन तो वॉर्डांत पाठवतं, ऑपरेशनच्या खोलीत पाठवतं, डॉक्टरांच्या फोनवर पाठवतं. पण उघडा नाही पाठवत — कुलूप लावून पाठवतं. म्हणजे वायरवरून जाताना मध्येच कुणी पकडला तरी त्याला नुसता अक्षरांचा भुगा दिसावा, रिपोर्ट कुणाचा, आजार कुठला, काही कळू नये. ज्याला पाठवला त्याच्याकडेच किल्ली. आता हे कुलूप लावायचं काम सोपं नाही, मशिनाला त्यासाठी आकडेमोड करावी लागते, भरपूर, आणि सगळ्या वॉर्डांची कुलपं एकटं हे मशीन लावणार. मग व्हायचं काय — स्क्रीनवर ते चाक फिरत राहायचं. सर्जन हातमोजे घालून उभे, दोन्ही हात असे वर धरून, आणि नर्सबाई स्क्रीनकडे बघतायत आणि चाक फिरतंय. पेशंट टेबलावर. मग फोन कुणाला? मला. काय काय ऐकून घेतलंय मी त्या फोनवर, तुम्हाला सांगण्यासारखं नाही.

मग मी हे कार्ड आणलं. ह्याला दुसरं काही येत नाही, फक्त कुलपं. मशिनानं रिपोर्ट ह्याच्याकडे सरकवायचा, ह्यानं कुलूप लावून परत द्यायचा. आणि दुसऱ्या दिवसापासून — बोट उचलायच्या आत रिपोर्ट. सर्जननी स्वतः खाली येऊन माझा हात हातात घेतला, ह्याच खोलीत. पुढं समारंभ, मोठ्या डॉक्टरांचं भाषण, फोटो. तुम्ही लिफ्टनं आलात ना, मग बघितला असेल शेजारी लावलेला. डावीकडचा मी. पोट आत घेतलंय. आमची ही म्हणते, त्या फोटोतल्यासारखे घरी का नाही बसत कधी. त्याच्यानंतर ठिकठिकाणाहून बोलावणी, या आणि आमच्या लोकांना सांगा, आणि तुमच्यासारखे कितीतरी बघायला येतात. मला आपलं कौतुक — म्हणजे कौतुक नाही, पण माणसाला बरं वाटतंच ना.

प्रोग्राम? नाही नाही, प्रोग्राम मी नाही लिहिला, मी मशिनं सांभाळणारा. प्रोग्राम लिहिला आमच्या कुलूपबाईनं. हो, कुलूपबाई. नाव मीच ठेवलं. तिचा एकच धोशा — कुलूप हवं. बिल्डिंगच्या बाहेर जाणाऱ्याला हवंच, पण आतल्या आत, ह्या मजल्यावरून त्या मजल्यावर जाणाऱ्यालासुद्धा हवं. मी म्हटलं, बाई, घरातल्या घरात स्वयंपाकघराला कुणी कुलूप लावतं का? सगळे हसले. मग तेच नाव पडलं. ती पण हसायची हो, पहिल्यांदा हसायची. जेवायच्या सुट्टीत कुणी डबा उघडला की म्हणायचे, कुलूपबाईला विचारलंस का? अशी थट्टा चालायची. मनाला लावून घेण्यासारखं काही नव्हतं त्यात. मला तरी तेव्हा तसंच वाटायचं.

चहा घ्या. साखर हवी असेल तर त्या डब्यात आहे. चालू असताना बघायचंय? काय, कार्ड? चालूच आहे की, दिवा दिसतोय ना. आकडे — आकडे आहेत, आधीचे आणि नंतरचे, मी सगळीकडे तेच दाखवतो, तुम्हाला पाठवून देतो. नाही, आत्ता बंद करून कशाला बघायचं, चालत्या गाडीखाली कुणी शिरतं का? पेशंट आहेत वर. तुमचं कुतूहल समजतंय मला, पण — तुम्ही तुमच्या कमिटीला सांगा ना सरळ, की मी बघून आले, चालतंय. एवढं पुरे होतं. बाकीच्यांना पुरलं.

असं? कमिटी नाहीच म्हणतेय? मग आलात कशाला इतक्या लांब — म्हणजे तसं नव्हे, आलात ते चांगलंच. शेवटचा प्रयत्न म्हणून. हं. आणि कार्ड नाहीच मिळालं तर? काय करणार मग?

काय म्हणालात? कुलपं काढणार.

कुणी ठरवलं हे? तुमच्या डॉक्टरांनी. आतल्या आत जाणारे रिपोर्ट उघडेच पाठवायचे, म्हणजे चाक फिरणार नाही. आणि तुमच्याकडचं माणूस, प्रोग्राम लिहिणारं, त्याला लेखी सांगितलंय, की आठवड्याभरात काढ नाहीतर आम्ही दुसऱ्याकडून काढून घेतो. असं होय. सगळे त्याच्यावरच ओरडतायत. त्याच्यामुळे ऑपरेशनं खोळंबतात म्हणे. आणि ते बापडं म्हणतंय, कुलपं नाहीत हो जड, दुसरंच काहीतरी आहे. ऐकत नाही कुणी. हं. नाही ऐकत. आमच्याकडेही — जाऊ द्या.

तसं करू नका, मॅडम. कुलपं काढू नका. नाही, मी सांगतो ना, बिल्डिंगमध्ये आपलीच माणसं असतात हे खरं, पण आपलीच माणसं म्हणजे कोण? मी. माझ्यासारखी. मी काही चोर नाही. तरी सांगतो, काढू नका. का म्हणजे — आता काय सांगायचं तुम्हाला. तुम्ही पुन्हा थोड्याच भेटणार आहात. बघा, नेटवर्क अडखळायला लागलं की आम्ही काय करतो, वायरवरून जाणारं थोडंसं उघडून बघतो. कुठं अडतंय, किती अडतंय. ते आमचं रोजचं काम आहे, नळाला पाणी कमी येतं म्हटल्यावर प्लंबर तोटी उघडतो तसंच. वाचायचं नसतं. पाण्याकडे बघायचं, पाण्यात काय आहे त्याच्याकडे नाही. वर्षानुवर्षं मी हे केलं, आणि खरंच सांगतो, कुणाचं काही वाचलं नाही. तेव्हा कुलपं नव्हती, सगळं उघडं जायचं. आणि एका दिवशी असाच बघत बसलो होतो आणि माझंच आडनाव गेलं समोरून. आडनाव आणि पुढं दादाचं नाव. माझा सख्खा मोठा भाऊ.

वाचलं. तुम्ही नसतं वाचलं? नसेलही. मी वाचलं. दादाचं घड्याळ दुरुस्तीचं दुकान आहे, आमच्या वडलांनी सुरू केलेलं, आणि हात असा की केसाएवढा स्क्रू चिमट्यानं उचलून जागेवर बसवायचा, श्वास न घेता. त्या हातांचा रिपोर्ट होता. कंप. वाढत जाणारा, न थांबणारा, त्याला जे काय म्हणतात ते सगळं त्यात लिहिलेलं. मला रडू आलं, इथंच, ह्याच टेबलाशी. आणि मी काय केलं असेल? घरी जायच्या वाटेवर त्याच्या दुकानात शिरलो. गल्ल्यापाशी एक गिऱ्हाईक उभं होतं, दादाच्या हातात त्याचं घड्याळ. मी म्हटलं, दादा, घाबरू नकोस, आता औषधं निघालीत चांगली. प्रेमानं म्हटलं हो. तो म्हणाला, कसली औषधं?

डॉक्टरांनी अजून त्याला सांगितलंच नव्हतं. रिपोर्ट अजून डॉक्टरांच्या स्क्रीनवर पोचायचा होता, त्या दिवशी नेटवर्कच अडखळत होतं म्हणून चाक फिरत होतं वर, आणि मी खाली वायरीवर तो आधीच वाचून निघालो होतो. दादाला आपला आजार माझ्याकडून कळला. तोही असा, गिऱ्हाईकासमोर. त्या गिऱ्हाइकानं काय केलं माहितेय? हात पुढं केला आणि आपलं घड्याळ परत घेतलं. हळूच. दादानं दिलं. मी उभा.

दादानं तक्रार केली पुढं. हॉस्पिटलकडे. माझं नाव नाही लिहिलं त्यानं — मला कळायच्या आधी माझा रिपोर्ट बाहेर कळला, एवढंच. बाहेर कुणाला, ते नाही. बोलणं आहे आमचं, नाही असं नाही, येतो-जातो, वहिनी अजून माझ्यासाठी ताट वाढते. पण दादा माझ्यासमोर हात खिशातून काढत नाही. जेवायलासुद्धा माझ्याबरोबर बसत नाही, नंतर जेवतो. कुणी विचारलं तर म्हणतो भूक नाही. वहिनीला वाटतं आजारामुळे.

म्हणून आली ती कुलपं. कळलं? ती तक्रार कुलूपबाईच्या टेबलावर गेली, आणि तिनं आतल्या आत जाणाऱ्या रिपोर्टांनासुद्धा कुलपं लावली. मला येऊन म्हणाली, आता हं, तुम्हालासुद्धा नाही दिसणार काही. हसत म्हणाली. तिला माहीत होतं की नव्हतं, ते मला आजपर्यंत कळलेलं नाही. मी त्या हसण्याचा इतका विचार केलाय — आणि मग मी तिचं नाव ठेवलं कुलूपबाई. आधी नाही, त्याच्यानंतर. मघाशी मी उलटं सांगितलं तुम्हाला. तेच सांगायची सवय झालीय.

हो, पण हळू तर चालतंच ना, असंच म्हणताय ना तुम्ही. सगळं पटतं, पण सर्जन हात वर धरून उभे आहेत त्याचं काय. कार्डही नाही. करणार काय. बरोबर आहे. बरोबर आहे तुमचं. थांबा जरा. ते दार लावून घेतो.

मॅडम, ते कार्ड काही करत नाही.

नाही, बिघडलेलं नाही. चांगलं आहे. पण त्याच्याकडे काम नाही. तो दिवा फक्त वीज आहे म्हणून लागतो. रिपोर्टांना कुलपं लागतायत, वेळेवर लागतायत, त्यात खोट नाही, पण ती कार्ड लावत नाही. आता हे नीट ऐका, कारण तुमच्याकडेही हेच असणार, मला जवळजवळ खात्री आहे. प्रोसेसर असतो ना, मशिनाचं डोकं, आजकालच्या प्रोसेसरला कुलूप लावायचं जन्मतःच येतं. आतच सोय असते. वेगळं कार्ड नको, काही नको. बाईचा प्रोग्राम सुरू होतानाच विचारतो, बाबा, तुला कुलूप येतं का? येतं म्हणाला तर काम त्याच्यावर सोपवतो, चुटकीसरशी होतं. येत नाही म्हणाला तर मग बसतो आपला एकेक पायरी हातानं करत. आमचा प्रोसेसर म्हणत होता, नाही येत. का म्हणत होता? मी सांगितलं होतं त्याला तसं म्हणायला.

एका मशिनाच्या पोटात आम्ही चार मशिनं असल्याचं नाटक करतो. सगळीकडे करतात, तुमच्याकडेही असेल. फायदा असा, की एखादं मशीन बंद करायचं झालं तर त्यातलं काम चालू असतानाच उचलून शेजारच्यावर ठेवता येतं. पण तेव्हा आमचं शेजारचं मशीन होतं म्हातारं. त्याला कुलूप येत नव्हतं. मग नव्याला बजावावं लागतं — म्हाताऱ्याला जेवढं येतं तेवढंच तुला येतं असं समज, जास्त हुशारी नको, नाहीतर काम तिकडे नेताना आपटेल. एक खूण करायची असते सेटिंगमध्ये. केली मी. चूक नव्हती ती, तेव्हा तेच बरोबर होतं. पुढं म्हातारं मशीन भंगारात गेलं, मी स्वतः त्याला ढकलत लिफ्टपर्यंत नेलं. खूण काढायची राहिली. तेव्हा कुलपं फारशी नव्हतीच, कुणाला फरक पडला नाही. मग बाईनं कुलपं लावली, आणि बिचारा प्रोग्राम विचारतोय, येतं का, आणि येत असून प्रोसेसर म्हणतोय, नाही. माझ्या सांगण्यावरून.

आणि मीटिंगमध्ये मोठे डॉक्टर ओरडतायत तिच्यावर. तुमच्या हट्टापायी पेशंट टेबलावर पडून राहतात, तुम्हाला काही वाटतं का, वगैरे. ती म्हणाली, कुलपांना इतका वेळ लागायला नको, कुठंतरी दुसरं काही अडतंय, मोजून बघू. आणि माझ्याकडे बघितलं तिनं. मशिनं माझी ना. मी काय म्हटलं? मी म्हटलं, कुलपं जड आहेत. खोटं नाही बोललो, मला तसंच वाटत होतं. पण बघितलं नव्हतं मी. एकदासुद्धा उघडून बघितलं नव्हतं. आत कुठंतरी मला बरंच वाटत होतं ती कुलपं निघाली तर. आता हे तुम्हाला का सांगतोय मी. चहा गार झाला तुमचा.

मग कार्ड आणलं. कार्ड त्या नाटकातल्या मशिनाला नीट लागेना, म्हणून मी बाईचा प्रोग्राम उचलला आणि एका खऱ्या मशिनावर ठेवला, एकटा. त्या खऱ्या मशिनाला कुणी काही बजावलेलं नव्हतं. फरक पडला तो तिथंच पडला, मॅडम. सगळा. बाई तेव्हा म्हणाली होती मला, कार्ड न लावता एकदा चालवून बघा ना, म्हणजे कळेल कशानं काय झालं. मी म्हटलं, आता वेळ कुठाय, समारंभ ठरलाय. समारंभात मोठे डॉक्टर माइकवर म्हणाले, कुलूपबाईंनी टाकलेलं ओझं शेवटी ह्यांनी उचललं. मी ठेवलेलं नाव, त्यांच्या तोंडून, सगळ्यांसमोर. केवढे हसले लोक. ती मागे उभी होती, हातात कागदी पेला. मी पण हसलो. फोटोत दिसतं ना हसताना. त्यानंतर लवकरच ती सोडून गेली. कुठं गेली कुणास ठाऊक, मी विचारलं नाही, विचारायला तोंड नव्हतं म्हणा. खरं तर तेव्हा तोंड होतं, तेव्हा मला काही कळलेलं नव्हतं. तरी नाही विचारलं.

कळलं ते पुढं. कार्ड गरम होऊन बंद पडलं, आणि मला ते कळलं दुसऱ्या दिवशी. बाईचा प्रोग्राम शहाणा आहे, कार्ड नाही म्हटल्यावर आरडाओरडा करत नाही, मुकाट्यानं प्रोसेसरकडे जातो आणि कोपऱ्यात एक ओळ टाकून ठेवतो. ती ओळ वाचली आणि फोन पुढ्यात ओढला. काल दुपारपासून कार्ड बंद, आता फोन वाजणार, वॉर्डांतून ओरडा होणार. फोनकडे बघत बसलो. आणि हळूहळू माझ्या लक्षात आलं, की मी वाट बघतोय. मला हवा होता तो ओरडा. कुणीतरी म्हणावं, अहो आज फार हळू चाललंय. एकदा वाजला फोन. कुणीतरी कीबोर्डवर पाणी सांडलं होतं.

मग बसून मोजलं. कार्डासकट, कार्डाशिवाय. कार्डाशिवाय थोडं जास्तच भराभर चालतं. आमचे रिपोर्ट लहान, त्यांना कार्डापर्यंत जाऊन यायलाच वेळ लागतो, तेवढ्यात प्रोसेसरनं कुलूप लावून पाठवलेलंसुद्धा असतं. मोठमोठ्या फाइली पाठवणाऱ्यांना उपयोग असेल त्याचा, आपल्याला नाही. आणि मग प्रोग्राम आधी ज्याच्यावर होता ते नाटकवालं मशीन उघडलं, आणि ती खूण बघितली. माझ्याच हातची. आता म्हणाल, लगेच जाऊन सांगायचं. हो. उठलो होतो सांगायला. लिफ्टपाशी गेलो. तिथं फोटो. परत आलो. कार्डाला परत वीज दिली. काम नाही दिलं, वीज दिली. दिवा लागावा म्हणून. आणि तेव्हापासून जो येतो त्याला मी तो दिवा दाखवतोय. तुम्हालाही दाखवला, आल्या आल्या.

तर आता तुम्ही असं करा. परत गेलात की मशिनवाल्याला सांगा, ती खूण बघ. प्रोसेसरला गप्प बसवलंय का, एवढंच. नवं मशीन असेल तर काढून टाक म्हणावं आणि प्रोग्राम पुन्हा सुरू कर. दुसरं काही नको. कुलपं काढू नका. आणि तुमचं ते माणूस, ज्याच्यावर सगळे ओरडतायत, त्याला — त्याला काय सांगणार तुम्ही? सांगा, तू बरोबर होतास. सगळ्यांसमोर सांगा, एकट्याला गाठून नको. एवढं कराच.

बाई आहेत? तुमच्याकडच्या प्रोग्रामर बाई आहेत? बरं, मग बाईंना सांगा. मी आपलं उगाच पुरुष धरून चाललो. कधी लागल्या तुमच्याकडे? गेल्या वर्षी. आधी कुठं होत्या?

इथं.

इथं म्हणजे ह्याच — हो. उंच, चष्मा, बोलताना मान जरा कलती. हो. त्याच. म्हणजे तिकडेही पुन्हा त्यांच्याच — पुन्हा तेच. माझ्या इथं काय झालं ते सांगितलं असेल त्यांनी तुम्हाला सगळं. नाही? काहीच नाही? माझ्याबद्दल काहीच नाही बोलल्या? मग इथं कशाला पाठवलं त्यांनी?

परत सांगा. परत सांगा, पंख्यांमुळे ऐकू नाही आलं. नाही, आलं ऐकू, तरी सांगा.

कार्ड बघू नका, तिथल्या माणसाला विचारा. तो खोटं नाही सांगायचा.

असं म्हणाल्या त्या. माझ्याबद्दल. मॅडम, तुम्ही ते कुलपं काढायचं बोलला नसता ना, तर मी तुम्हाला दिवा दाखवून, चहा पाजून लिफ्टपर्यंत सोडलं असतं. फोटोसुद्धा दाखवला असता जाता जाता. आणि तुम्ही जाऊन त्यांना सांगितलं असतं, की तो म्हणाला कार्डानंच झालं. त्यांनी मान्य केलं असतं. माझं नाव ऐकून मान्य केलं असतं, आणि काढली असती कुलपं.

नको, फोन लावू नका. इथून नको. माझ्याकडे नका देऊ, मी नाही घेणार. काय बोलू मी त्यांच्याशी? तुम्ही घरी पोचल्यावर सांगा काय ते. खुणेचं सांगा, ते आधी सांगा. माझं — मी लगेच सांगितलं असं सांगू नका. नाही, तसंही नको, जसं झालं तसं सांगा. दिवा दाखवला तेही. स्वेटर राहू द्या अंगात, बाहेर जाऊन काढा, कुणाकडेही द्या. ते दार आतून ढकलावं लागतं, जोर लावा. लिफ्टनं नका जाऊ. जिना आहे शेजारी, जिन्यानं जा. जा आता.